वाचकांचे प्रश्न : पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र आणि खाडीकाठचे दाखले

या महिन्यातील बरीच पत्रे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असणाऱ्या उत्क्रांती, परिस्थितिकी आणि जैवविविधता या भागाविषयी आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्हाला उत्क्रांती, परिस्थितिकी आणि जैवविविधता ही तीन स्वतंत्र प्रकरणे आहेत. अंतर्गत परीक्षेत मी लिहिले होते की, खाऱ्या पाण्यात जगता यावे म्हणून तिवराने पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी तयार केल्या. या वाक्याला गुण मिळाले नाहीत. माहिती तर बरोबर आहे, मग अडले कोठे?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : ग्रंथींविषयीची माहिती बरोबरच आहे. कोरड्या दिवशी तिवराचे जून पान उन्हात धरून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात आणि पान जिभेला लावले तर ते खारट लागते. परीक्षकांचा आक्षेप कारणांच्या क्रमाला असावा. तुमच्या वाक्यात आधी गरज निर्माण होते, झाड ती ओळखते आणि मग ती भागवण्यासाठी अवयव घडवते. झाडाला असे काही करता येत नाही. तिवराच्या पूर्वजांमध्ये झाडाझाडांत थोडाफार फरक होता आणि काही झाडे इतरांपेक्षा किंचित जास्त मीठ बाहेर टाकत असत. हा फरक आनुवंशिक असल्यामुळे तो त्यांच्या रोपांतही उतरला. भरतीचे पाणी जेथे पोहोचते त्या चिखलात अशी रोपे इतरांहून अधिक संख्येने तगली, त्यांना अधिक बी धरले, आणि हेच असंख्य पिढ्या चालू राहिल्यामुळे संपूर्ण समूहात अशा झाडांचे प्रमाण वाढत गेले. बदल झाला तो समूहात. एकेक झाड जन्मतः जसे होते तसेच राहिले. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतंत्रपणे मांडलेला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्रितपणे वाचला गेलेला विचार मुळात एवढाच आहे, परंतु उत्तरपत्रिकेत नेमका हाच भाग सर्वांत आधी गाळला जातो.

राहिला तीन प्रकरणांचा मुद्दा. ती वेगळी छापलेली असली तरी वेगळी शिकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी तुमच्या खाडीतल्या कांदळवनाइतका चांगला दाखला क्वचितच सापडेल. तेथे तिवर, कांदळ आणि चिपी ही झाडे जवळजवळ उभी असतात आणि वरवर पाहता एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात तिवर अडुळशाच्या कुळातला आहे, चिपी डाळिंब आणि मेंदीच्या कुळातली आहे, आणि कांदळ तर शेजारच्या तिवरापेक्षा परसातल्या एरंडाला नात्याने जवळचा आहे. फुलांची रचना आणि डीएनए या दोन्हींवरून ही नाती ठरली आहेत. मात्र चिखल तिघांनाही एकच मिळाला : खारट, प्राणवायू जवळजवळ नसलेला आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा. त्यामुळे निरनिराळ्या कुळांत एकाच अडचणीवरचे उपाय स्वतंत्रपणे निवडले गेले, आणि ते तपशिलात सारखेही नाहीत. तिवर मूळातून शिरलेल्या मिठापैकी बरेच पानांवाटे टाकून देतो, तर कांदळ बहुतांश मीठ मुळांपाशीच अडवतो. हवा घेण्यासाठी तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, चिपीची जाड आणि निमुळती असतात, तर कांदळ खोडापासून फुटलेल्या कमानदार मुळांवर तोललेला असतो. यांपैकी चिखलाचा आणि भरतीचा विचार परिस्थितिकीत येतो, कुळांच्या नात्यांचा उत्क्रांतीत आणि एकाच काठावर इतकी भिन्न कुळे कशी नांदतात हा प्रश्न जैवविविधतेत. परंतु तिन्ही प्रश्न त्याच झाडांविषयीचे आहेत. (पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, एक गुणाच्या प्रश्नात हे विचारले जाऊ शकते.)

प्रश्न : आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. निवटी म्हणजे बेडूक होण्याच्या वाटेवरचा मासा, असे ते ठामपणे सांगतात. हे खरे मानावे का?
— एक पालक, मालवण

उत्तर : मानू नये, मात्र त्यांचे निरीक्षण चांगले आहे हे त्यांना अवश्य सांगावे. ओहोटीला चिखलावर आलेली निवटी छातीकडच्या परांवर भार देत पुढे सरकते, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते, आणि डोक्यावर उंच असलेले डोळे मधूनच खोबणीत ओढून ओले करून घेते. हे पाहून कोणालाही तसे वाटेल. परंतु निवटी गोबी माशांपैकी आहे, म्हणजे बांगडा आणि पापलेट ज्या मोठ्या शाखेवर आहेत त्याच शाखेवर. बेडूक, सरडे आणि माणूस ज्या मांसल परांच्या माशांपासून आले, त्यांची शाखा यांच्यापासून ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळी झाली. त्या शाखेवरील आपले आजचे सर्वांत जवळचे मत्स्यनातेवाईक म्हणजे फुप्फुसमासे. कॅनडाच्या आर्क्टिक भागात २००४ साली सापडलेला टिक्टालिक हा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म याच बाजूचा असून त्याच्या परांत मनगटासारखी हाडे दिसतात. निवटी पुढे काही ‘होणार’ म्हणून अर्धवट राहिलेली नाही. भरतीओहोटीच्या चिखलात ती आज आहे तशी उत्तम जगते. क्रमाक्रमाने वर चढणारी, माणसापाशी संपणारी शिडी चित्रांतून इतकी रुजली आहे की पदवीपर्यंत ती डोक्यातून जात नाही, याची मला खरे तर चिंता वाटते. चिरंजीवांना फांद्या फुटत जाणारा वृक्ष काढायला लावावा आणि निवटी, बांगडा, बेडूक, माणूस यांच्या जागा त्यावर दाखवायला सांगाव्यात.

प्रश्न : माझी हापूसची जुनी बाग आहे आणि सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) नवी लागवडही केली आहे. महाविद्यालयात जाणारी कन्या म्हणते की आपल्याकडे झाडे वाढली, पण जैवविविधता घटली. झाडे वाढून विविधता कमी कशी होईल?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या कन्येचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते समजण्यासाठी झाडांची संख्या क्षणभर बाजूला ठेवावी लागेल. जैवविविधता जनुके, जाती आणि परिसंस्था अशा तीन पातळ्यांवर पाहिली जाते. हापूसची बाग कलमांची असते; किरकोळ फरक सोडले तर प्रत्येक कलम आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाची नक्कल आहे. कोयीपासून उगवलेले रायवळ मात्र प्रत्येक वेगळे, म्हणूनच हापूसची कोय लावून हापूस मिळेल याची खात्री कोणी देत नाही. दहा रायवळांत जी जनुकीय विविधता असते ती हजार कलमांत नसते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली, तेव्हा दोन भिन्न आंब्यांतली हीच विविधता कामी आली.

दुसरी बाजू आपल्याला अधिक परिचयाची आहे. तुडतुड्यांवर तेच ते औषध वर्षानुवर्षे फवारले की त्याला दाद न देणारे मोजके तुडतुडे उरतात, पुढची वीण त्यांचीच होते आणि काही वर्षांनी औषध ‘चालेनासे’ होते. याचे नाव नैसर्गिक निवड. गंमत अशी की तुडतुड्यांचा समूह असा बदलू शकतो, परंतु कलमांची बाग बदलू शकत नाही, कारण तिच्यात निवड होण्याजोगा फरकच नाही.

सड्याचा प्रश्न जाती आणि परिसंस्था यांचा आहे. उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या जांभ्या दगडावर पावसाळ्यात बोटभर मातीत सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू या वनस्पती उगवतात. मातीत नत्र जवळजवळ नसल्याने सीतेची आसवे आणि दवबिंदू बारीक जीव पकडून ते मिळवतात. कोकण आणि लगतचा पट्टा सोडल्यास इतरत्र न आढळणारी दीपकाडीही येथलीच. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरची माती भरली आणि कलमे लावली, की एक जात वाढते आणि या सगळ्या जातींची जागा जाते. लागवड करूच नये असे मी म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न असतो. तरी पावसात जेथे पाणी साचून फुले येतात तो तुकडा मोकळा ठेवणे आणि बांधावरचे रायवळ न तोडणे आपल्या हातात आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा लहान आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना कमी खर्चात खरा क्षेत्रअभ्यास कसा द्यावा?
— एक अध्यापिका, गुहागर

उत्तर : आपल्याकडे खडकाळ किनारा आहे, म्हणजे प्रयोगशाळा मोठीच आहे. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट करावी आणि भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत तीन पट्ट्यांत ती जागा न निवडता ठिकठिकाणी ठेवून आतील कालवे, गोगलगायी, खडकाला चिकटलेले बार्नॅकल आणि शेवाळ यांची नोंद घ्यावी. मुले सुंदर दिसणारी जागा निवडतात आणि सगळी आकडेवारी बिघडते. जागा चिठ्ठी टाकून ठरवाव्यात. वर कोण, खाली कोण हे दिसल्यावर ‘का’ विचारावे. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नॅकलच्या दोन जातींवर केलेला आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे वर्गात सांगावा. वरच्या पट्ट्यात राहणारी जात, खालची जात काढून टाकल्यावर खालीही नीट वाढली. म्हणजे तिला खाली रोखणारी गोष्ट पाणी नसून स्पर्धा होती. खालच्या जातीला मात्र वर कोरडेपणा सोसत नव्हता.

वेळेसाठी आपल्याकडच्या मच्छीमारांचा हिशेब पुरेसा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप उतरते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. तृतीयेला ती सकाळी साडेआठच्या सुमारास असते आणि उधाणाचा जोरही टिकून असतो, म्हणून तो दिवस सोयीचा. पाणी फिरण्याच्या आधी काम संपवावे, उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायला लावावा, नमुने गोळा करण्याऐवजी छायाचित्रे घ्यावीत, आणि जून ते सप्टेंबर मुलांना खडकांवर नेऊ नये.