दाखल एकट्या वडिलांनाच का करावे लागले?

प्रश्न : २०२१ च्या लाटेत राजारामपुरीतल्या आमच्या घरी पाचही जणांना कोरोना झाला, मात्र रुग्णालयात दाखल करावे लागले ते एकट्या वडिलांना. असे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साठी ओलांडलेले, त्यातही पुरुष, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलपणा किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेले रुग्ण जगभरातच अधिक प्रमाणात दाखल झाले. फसवी गोष्ट अशी, की काहींना धाप लागलेली नसे. चहाचा कप हातात धरून गप्पा मारणाऱ्या माणसाच्या बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन ८५ टक्के, म्हणजे धोक्याइतका कमी, दाखवी, आणि आजार बहुधा दुसऱ्या आठवड्यात बळावे. तरुण अगदीच सुटले, असे मात्र नाही. वडिलांना आधीपासून मधुमेह होता का, हे आपण लिहिलेले नाही. कोरोनाच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळेही रक्तातील साखर वाढते, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी.