कल्चर रिपोर्टमधला सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात भारी औषध नव्हे

भाऊ, चोपड्याहून तुम्ही विचारलंय की आईंच्या लघवीच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला, ईएसबीएल पॉझिटिव्ह आहे, बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही) आहे आणि मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा आकडा सगळ्यात कमी, तर तेच सुरू करायला सांगावं का.

आकड्यांची आपसात तुलना करू नका. तो आकडा म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ थांबवायला लागणारं त्या औषधाचं कमीत कमी प्रमाण. प्रत्येक औषधाची मर्यादा निराळी. नायट्रोफ्युरँटॉइनचा 32 आला तरी तो ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं), आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा 1 आला तरी ‘आर’.

ईएसबीएल म्हणजे सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधं तोडून टाकणारं विकर या जंतूकडे आहे. आईंनी आजवर फारशा गोळ्या घेतल्या नाहीत म्हणता, तरी असं होऊ शकतं. हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो आणि असे जंतू आतड्यात गुपचूप राहतात. ‘आर’ जंतूला लागू आहे, आईंच्या शरीराला नाही.

मेरोपेनेम शिरेतून द्यावं लागतं, ते गंभीर आजारासाठी राखलेलं बरं. ताप नसेल, नुसती जळजळ असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनवर बहुधा भागतं. पण ताप, थंडी, कुशीत दुखणं असेल तर ही दोन्ही पुरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात काम करतं, किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. मग दवाखान्यात दाखल व्हायची वेळ येऊ शकते. किडनी कशी चालतेय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही बघावं लागतं.

आता मला जास्त खटकतं ते नमुन्याचं. डबी चोपड्याहून जळगावला कशी गेली? आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर, आणि ऊब मिळाली की ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर नमुना फ्रिजमध्ये, नेताना बर्फाच्या डब्यात हवा. नाहीतर चार जंतूंचे चारशे होऊन रिपोर्टवर बसतात. पहिली धार सोडून मधली घेतली होती का? आणि गोळ्या सुरू करण्याआधी?

मुख्य म्हणजे, आईंना त्रास होता का? तुम्ही ते लिहिलंच नाही. तक्रार नसताना नुसते जंतू निघाले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असे प्रसंग वगळता सहसा औषध देत नाहीत. हे डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्ट मग दाखवा. आणि तोवर मेडिकलवरून सेफिक्झिम आणू नका. 2014 पासून ते सरकारच्या कडक विक्री-नियमांच्या एच-1 यादीत आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाही. (देतात, ते सोडा.)