आधी रिसीव्हर, मग टीव्ही

वाचकांचे प्रश्न : घरातली यंत्रं

दिवाळीनंतर येणाऱ्या पत्रांचा विषय मला आता पाठ झाला आहे. मोठा टीव्ही घरात आलेला असतो, त्याला संगणक जोडलेला असतो आणि काहीतरी अडलेलं असतं. चौदा वर्षं मी खांद्याला पिशवी लावून मुंबईत घरोघरी हीच जोडणी करून देते आहे, त्यामुळे पत्र वाचताना त्या खोलीतला सोफासुद्धा डोळ्यांसमोर येतो. या अंकासाठी पाच पत्रं निवडली आहेत. पहिलं सविस्तर घेते, कारण त्याच चुकीची पत्रं सर्वाधिक आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही ५५ इंची ४के टीव्ही घेतला. घरी ५.१चा रिसीव्हर (आवाज वाटून स्पीकरना देणारी पेटी), पाच स्पीकर आणि सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आधीपासून आहे. मुलाचा डेस्कटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला लावला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरला नेली. चित्र सुंदर येतं, पण आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून. मागचे दोन्ही मुके. दुकानदार म्हणतो, भारीतली एचडीएमआय वायर घ्या. घेऊ का? – एक वाचक, दादर

उत्तर : घेऊ नका. तुमची वायर चांगली आहे, ती चुकीच्या ठिकाणी गेली आहे.

एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. ती लावली की संगणक समोरच्या यंत्राची एक चिठ्ठी वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मी किती ठिपक्यांचं चित्र दाखवू शकतो, किती चॅनलचा, म्हणजे किती स्पीकरसाठी वेगवेगळा, आवाज घेऊ शकतो, हे त्या यंत्राने तिच्यात लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या संगणकासमोर टीव्ही आहे, आणि टीव्हीच्या पोटात स्पीकर दोन. बहुतेक टीव्ही संगणकाला तेच सांगतात, आणि संगणक निमूटपणे दोन चॅनल पाठवतो. टीव्हीच्या पलीकडे रिसीव्हर बसला आहे, याचा त्याला पत्ताच नसतो.

दुसरी अडचण ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून फक्त आवाज नेणाऱ्या वायरीची. तिच्यातून दोन चॅनलचा साधा आवाज जातो, किंवा डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस पद्धतीने दाबून लहान केलेला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा, आवाज जातो. न दाबलेला सहा चॅनलचा आवाज तिच्यात मावत नाही. संगणकावरचा खेळ किंवा चित्रपट दाखवणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नेमका तोच, न दाबलेला आवाज देतं.

म्हणून रस्ता बदला. संगणकाची वायर आधी रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय इन’मध्ये, आणि रिसीव्हरच्या ‘एचडीएमआय आउट’मधून टीव्हीत. आवाज रिसीव्हर ठेवून घेतो, चित्र पुढे पाठवतो. मग विंडोजमध्ये स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’, तिथून ‘मोअर साउंड सेटिंग्ज’. ‘प्लेबॅक’च्या यादीत रिसीव्हरचं नाव निवडा, ‘कॉन्फिगर’ दाबा, ‘५.१ सराउंड’ घ्या आणि ‘टेस्ट’ दाबा. एकेक स्पीकर पाळीपाळीने वाजला पाहिजे. रिसीव्हरवर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’सारखं बटण असतं, ते दाबून सगळे स्पीकर वाजले म्हणून समाधान मानू नका. तेव्हा तोच दोन चॅनलचा आवाज सगळीकडून येत असतो. पाऊस मागून आणि माणूस समोरून, हे त्यात कधीच होत नाही, आणि तुम्ही पाच स्पीकर त्यासाठीच घेतले आहेत.

रिसीव्हर कोणत्या सालचा आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि तेच महत्त्वाचं आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं, आणि ते आलं २०१३ साली. २००९च्या एचडीएमआय १.४मधून ४के सेकंदाला ३० वेळाच जातं. चित्रपटाला ते चालतं, पण माउसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा फिरतो. शिवाय विकतचे ४के चित्रपट एचडीसीपी २.२ हे कुलूप मागतात. वाटेतल्या एका जरी यंत्रात ते नसलं तरी चित्र खालच्या दर्जाचं येतं किंवा येतच नाही.

रिसीव्हर जुना निघाला तर तो भंगारात देऊ नका, कळकळीने सांगते. पार्ल्यातल्या एका घरी २०११चा रिसीव्हर होता, आवाज इतका मोकळा की तो काढा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तिथे ग्राफिक्स कार्डातून दोन वायरी काढल्या, एक थेट टीव्हीला आणि दुसरी रिसीव्हरला. विंडोजला रिसीव्हर हा दुसरा पडदा वाटतो, तर वाटू द्या. दोन्हीकडे एकच चित्र दाखवणारं ‘डुप्लिकेट’ मात्र निवडू नका, नाहीतर टीव्हीचं चित्रही रिसीव्हरला झेपेल तेवढ्यावर खाली येऊ शकतं. ‘एक्स्टेंड’ घ्या, त्या खोट्या पडद्याचं रिझोल्यूशन (ठिपक्यांची संख्या) कमी करा आणि तो खालच्या कोपऱ्यात टोकाला चिकटवून ठेवा, म्हणजे माउस चुकून तिकडे हरवत नाही. आवाजासाठी रिसीव्हर निवडा. झालं.

टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर ‘ईआर्क’ (टीव्हीतला आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरला नेणारी सोय) लिहिलेलं असेल तर संगणक टीव्हीला लावूनही काम होऊ शकतं. ही सोय २०१७च्या एचडीएमआय २.१बरोबर आली आणि तिच्यातून न दाबलेला आठ चॅनलपर्यंतचा आवाज जातो. पण रिसीव्हरची चिठ्ठी संगणकापर्यंत पोचवायचं काम सगळे टीव्ही करत नाहीत. लावून ‘टेस्ट’ दाबायची, वाजले तर उत्तम.

आणि वायर. दोन मीटरपर्यंत ‘प्रीमियम हाय स्पीड’ शिक्का असलेली साधी वायर पुरते. डिजिटल वायर महाग घेतली म्हणून आवाज गोड होत नाही. वायरीची क्षमता कमी पडली तर चित्रात चांदण्या चमकतात, पडदा मधूनच काळा होतो, आवाज तुटतो. हे होत नसेल तर पैसे खिशात ठेवा. खोलीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचं असेल तर फायबरची एचडीएमआय वायर मिळते. तिच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीत घालण्याआधी दोन्ही टोकं वाचा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. लॅपटॉप टीव्हीला लावला की चित्रपट स्वच्छ दिसतो, पण अक्षरं पुसट, लाल अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि खालची पट्टी अर्धी कापलेली. टीव्ही बदलून मागू का? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर : टीव्ही निर्दोष आहे. तुमच्या लॅपटॉपकडे तो सेट-टॉप बॉक्स समजून बघतो आहे.

जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा मुद्दाम चौकटीबाहेर ढकलत, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ती सवय नव्या टीव्हीतही राहिली आहे. चित्राच्या आकाराच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘१:१’ असं काही सापडेल, ते निवडलं की पट्टी पूर्ण दिसेल.

पुसट अक्षरांचं कारण रंगात आहे. चित्रपटात चार ठिपक्यांना मिळून एकच रंग पाठवला तरी डोळ्याला कळत नाही, म्हणून टीव्ही तेवढ्यावर भागवतात. अक्षराची रेघ एक-दोन ठिपक्यांची असते, तिथे हा काटकसरीपणा लगेच दिसतो, आणि लाल-निळ्यात सगळ्यात जास्त. इनपुटच्या यादीत लॅपटॉप ज्या सॉकेटला आहे त्याचं चिन्ह किंवा नाव बदलून ‘पीसी’ करा. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेच अक्षरं धारदार होतात. शिवाय त्या सॉकेटची पूर्ण क्षमता चालू आहे का ते पाहा. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, एलजीत ‘डीप कलर’. ते बंद असेल तर टीव्हीची चिठ्ठीच अपुरी जाते.

अक्षरं लहान वाटतात म्हणून रिझोल्यूशन मात्र उतरवू नका. ५५ इंचांवर ४केचा एक ठिपका साधारण ०.३२ मिलिमीटरचा, साडेतीन फुटांच्या पलीकडून चांगल्या नजरेलाही तो सुटा दिसत नाही. सोफा आठ-दहा फुटांवर असेल तर विंडोजच्या ‘स्केल’मध्ये २५० किंवा ३०० टक्के करा. अक्षर मोठं होईल आणि रेखीवही राहील.

प्रश्न : एचडीएमआय वायर लावताना बोटांना झिणझिण्या येतात. स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ असा आवाजही येतो. धोका आहे का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आहे, आणि आज रात्री तरी त्या वायरीला हात लावू नका.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये वीज गाळणारे कपॅसिटर असतात. बोर्डाला अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे संगणकाच्या पत्र्याच्या पेटीवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो. प्रवाह अगदी थोडा, पण बोटाला कळण्याइतका आणि एचडीएमआयची चिप जाळण्याइतका. जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी शेकडो वेळा उघडून पाहिलं आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

‘हंऽऽ’चा संशय केबलवाल्याच्या जाड वायरीवर. ती गच्चीवरून जिन्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येते आणि तिचं वेष्टण सेट-टॉप बॉक्समार्गे तुमच्या टीव्हीला व रिसीव्हरला जोडलं जातं. ती बॉक्समधून काढून पाहा. आवाज थांबला तर तिच्या तोंडाशी आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन वेष्टणाची जोडणी तोडणारा तुकडा, बसवा. ‘हंऽऽ’ घालवायला प्लगची तिसरी पिन मोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला घरात घेऊ नका.

कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी, भर जुलैत, मी सगळं चालू ठेवून एचडीएमआय वायर खोचली. बारीकशी ठिणगी दिसली आणि त्या घरच्या नव्या टीव्हीचं सॉकेट गेलं. चूक माझीच होती, दुरुस्ती मी भरून दिली. तेव्हापासून क्रम ठरला आहे : सगळी बटणं बंद, प्लग बाहेर, केबलवाल्याची वायर बाहेर, मग एचडीएमआय, आणि शेवटी वीज.

प्रश्न : रात्री चित्रपट लावला की खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात. आवाज तर आम्ही कमीच ठेवतो. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : काकांचं म्हणणं खरं असणार. सबवूफरचा खालचा सूर हवेपेक्षा स्लॅबमधून लांब जातो. तुमच्या खोलीत तो कमी वाटला तरी त्यांच्या छताला जाणवतो. रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असतो, तो मोठे धमाके खाली आणतो आणि कुजबुज वर. रात्री १० नंतर तो लावा आणि सबवूफरची पातळी उतरवा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सबवूफरखाली जाड रबर घातल्याने थोडा फरक पडतो, फार नाही.

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. तिच्यासाठी संगणक टीव्हीला जोडून दिला. चित्र एचडीएमआयने टीव्हीवर आणि आवाज संगणकामागच्या हिरव्या पिनेतून दोन स्पीकरना. पूर्वी पाच स्पीकरचा संच होता, त्यातले हे दोनच उरले. यूट्यूबवरचं कीर्तन तिला नीट ऐकू येतं, पण डीव्हीडीवरचा चित्रपट लावला की म्हणते, ‘वाजंत्री ऐकू येते, माणसं बोलत नाहीत.’ कानाचं यंत्र घ्यायचा विचार आहे. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : थांबा. हे पत्र वाचल्याबरोबर मी संपादकांना सांगून तुम्हाला निरोप पाठवला होता, इथे इतरांसाठी लिहिते.

५.१च्या चित्रपटात माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतं. डाव्या-उजव्यात संगीत आणि आजूबाजूचे आवाज. तुमच्या संगणकाला अजून वाटतं आहे की पाचही स्पीकर जागेवर आहेत. तो पुढचे दोन चॅनल हिरव्या सॉकेटमधून देतो आणि मधला दुसऱ्या सॉकेटमधून. मागे सहा सॉकेट असतील तर नारिंगी, तीनच असतील तर गुलाबी. त्या सॉकेटला आता काही लावलेलंच नाही, म्हणून बोलणं तिथेच संपतं. कीर्तन दोन चॅनलचं आहे, ते सगळं हिरव्यातून येतं आणि आईंना ऐकू येतं. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर होता.

पहिल्या उत्तरात सांगितलेल्या ‘प्लेबॅक’मध्ये जा, स्पीकर निवडा, ‘कॉन्फिगर’मध्ये ‘५.१’ काढून ‘स्टिरिओ’ करा. आता मधला चॅनल दोन्ही स्पीकरमध्ये वाटून येईल. स्पीकर कपाटाच्या वर असतील तर खाली, आईंच्या कानाच्या उंचीला आणा, तोंडं त्यांच्याकडे वळवा. पुढेमागे रिसीव्हर घेतलात तर सेंटर स्पीकर जरूर घ्या आणि त्याची पातळी तीन डेसिबल वाढवून ठेवा. उतारवयातल्या कानांना त्याचा फार उपयोग होतो.

एवढं झालं की गाणं लावू नका. दोन माणसं शांत बोलताहेत असा प्रसंग लावा, तुम्ही स्वयंपाकघरात जा आणि काय बोलले ते आईंना विचारा. तरीही शब्द निसटत असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी करून घ्या. यंत्राचं त्यानंतर ठरवा.