रिलेचा हिशेब: तलवारबाजीच्या सांघिक सामन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी फॉइल (तलवारबाजीच्या तीन शस्त्रांपैकी एक, बाकीची दोन इपी आणि सेबर) खेळते. सांघिक सामन्यात तिने तिच्या पहिल्याच लढतीत 7 टच केले. लढत तर 5 टचची असते ना? मग वरचे दोन कसे मोजले?

सांघिक सामन्यातली लढत 5 टचची, म्हणजे शस्त्राच्या 5 वैध स्पर्शांची, नसते. संघात तिघे असतात आणि एकूण नऊ लढती होतात. ती फलकावरच्या पुढच्या टप्प्यापर्यंतची असते. पहिली जोडी 5 पर्यंत खेळते, दुसरी 10 पर्यंत, तिसरी 15 पर्यंत आणि नववी 45 पर्यंत. मागच्या जोडीने सोडलेली धावसंख्या पुढच्या जोडीला मिळते, म्हणूनच याला रिले म्हणतात.

समजा पहिली लढत 3-5 अशी संपली आणि मागे असलेला संघ तुमच्या मुलीचा होता. दुसऱ्या लढतीत ती उतरली, तर 10 गाठायला तिला 7 टच लागतात. तेवढ्यात समोरच्या मुलीने 4 केले, तर फलक 10-9 होतो. दोनने मागे असलेला संघ एकने पुढे आला. ही लढत कोणी जिंकली याची वेगळी नोंद होत नाही, विजय ठरतो तो फक्त एकूण बेरजेवर.

प्रत्येक लढतीला 3 मिनिटं असतात. वेळ संपताना फलक 4-3 असेल, तर तो तसाच पुढे जातो. पुढच्या जोडीची मर्यादा मात्र 10 च राहते. म्हणजे एका बाजूला 6 आणि दुसऱ्या बाजूला 7 टच करायला वाव मिळतो. मागे पडलेल्या संघाला रिलेत नेहमी जास्त जागा असते, आणि या प्रकाराची सगळी रंगत तिथेच आहे.

पॅरिस 2024 च्या महिला सेबर सांघिक अंतिम सामन्यात शेवटच्या लढतीआधी युक्रेन दक्षिण कोरियाच्या मागे होता, 37-40. ओल्हा खारलानने त्या एका लढतीत 8 टच केले, फक्त 2 दिले, आणि सामना 45-42 असा संपला. लढत 5 टचांची असती तर ते शक्यच नव्हतं.

प्रश्न: क्रम कसा ठरतो? आमच्या संघात सगळ्यात चांगल्या खेळाडूला डोळे झाकून शेवटी ठेवतात. हे बरोबर आहे का?

एका संघाला 1, 2, 3 हे आकडे मिळतात, दुसऱ्याला 4, 5, 6. कोणाला कोणते, हे चिठ्ठीने ठरतं. आपल्या आकड्यांवर कोणाला बसवायचं, हे कर्णधार ठरवतो. सर्वत्र रुळलेला लढतींचा क्रम असा: 3-6, 1-5, 2-4, 1-6, 3-4, 2-5, 1-4, 2-6, 3-5. प्रत्येक जण समोरच्या तिघांशी एकेकदा खेळतो.

हा क्रम कागदावर मांडा आणि प्रत्येक आकड्याच्या लढती वेगळ्या काढा. 3 ला पहिली, पाचवी आणि नववी मिळते. 5 ला दुसरी, सहावी आणि नववी. 6 खेळतो पहिली, चौथी, आठवी. 2 च्या वाट्याला तिसरी, सहावी, आठवी येते. 1 ला दुसरी, चौथी, सातवी, आणि 4 ला तिसरी, पाचवी, सातवी.

यातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही संघांसाठी त्या सारख्या नाहीत. डावीकडच्या संघात सामना उघडणारा आणि मिटवणारा एकच, क्रमांक 3. उजवीकडे ही कामं वाटली जातात: उघडतो 6, मिटवतो 5. तुमच्याकडे एकच भक्कम खेळाडू असेल, तर 1-2-3 ची बाजू सोयीची पडते. दोन जवळपास सारखे असतील, तर 4-5-6 वर अडचण येत नाही.

कच्च्या खेळाडूला बहुधा 1 किंवा 4 वर ठेवतात, कारण त्यांचं काम सातव्या लढतीत संपतं आणि भरपाईला दोन लढती उरतात. तरी 4 वर बसवताना विचार करा. त्याला दोन्ही वेळा मध्ये एकाच लढतीची विश्रांती मिळते. लवकर दमणाऱ्या मुलाला तिथे टाकलं, तर तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड होतात. अंतर चुकतं आणि टच धडाधड जातात.

शेवटच्या जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथे सगळ्यात जास्त टच करणारा खेळाडू असलाच पाहिजे असं नाही. तिथे दोन्ही जमणारा हवा: सातने मागे असताना तुटून पडणारा आणि तीनने पुढे असताना घाई न करणारा. फक्त हल्ल्यावर जगणारा खेळाडू मधल्या जागांवर जास्त उपयोगी पडतो.

एक धोका लक्षात ठेवा. ठरलेला क्रम मोडला, अगदी चुकून मोडला, तरी मोडणारा संघ सामना हरतो. म्हणून प्रत्येक लढतीआधी पुढच्या जोडीची नावं कर्णधाराने पत्रकावरून वाचून खात्री करावी.

प्रश्न: राखीव खेळाडूला कधी उतरवावं?

बदल दोन लढतींच्या मध्येच होतो. पण सांगायचा असतो त्याही आधी: ज्याला बाहेर काढायचं त्याच्या पुढच्या लढतीच्या आधीची लढत सुरू होण्यापूर्वी. उदाहरणार्थ, क्रमांक 1 ला सातव्या लढतीत खेळवायचं नसेल, तर सहावी सुरू होण्यापूर्वी पंचाला कळवा. सहावी चालू असताना हात वर करणारे कर्णधार बरेच असतात. तोवर संधी गेलेली असते.

दुखापतीची गोष्ट निराळी. खेळाडू पुढे खेळू शकत नसेल, तर राखीव खेळाडू त्याच लढतीत, त्याच धावसंख्येवर आणि उरलेल्या वेळेत उतरतो. आधीच बदल करून टाकला असेल, तर ही सोय हातून जाण्याचा धोका असतो. म्हणून 2-3 टचच्या पिछाडीसाठी घाईने बदल करू नये. बाहेर गेलेल्याला परत आणण्याचा नियम पूर्वी कडक होता, नंतर तो बदलत गेला. आपल्या स्पर्धेचं पत्रक आधी वाचा.

राखीव खेळाडूला पाचव्या लढतीपासून अंग गरम करायला लावा. थंड अंगाने उतरलेला खेळाडू पहिले दोन-तीन टच अंतर जोखण्यातच घालवतो.

प्रश्न: इपीचे सामने 45 पर्यंत का पोचत नाहीत? आणि बरोबरी झाली तर?

इपीत हल्ल्याचा अग्रहक्क नसतो, म्हणजे आधी हल्ला सुरू करणाऱ्याला झुकतं माप मिळत नाही. दोघांचे दिवे एकत्र लागले, तर दोघांनाही टच मिळतो. पुढे असलेल्या संघाला हे दुहेरी टच सोन्यासारखे: फरक तोच राहतो आणि सामना संपत जातो. मागे असलेल्याने उतावीळपणे धाव घेतली, तर पुढे असलेला खेळाडू हात लांब करून दुहेरी टच घेतो. म्हणून दोघेही जपून खेळतात आणि 3 मिनिटांत तीन-चार टचच होतात.

नवव्या लढतीची वेळ संपताना बरोबरी असेल, तर एक मिनिट वाढवून मिळतं. ते सुरू होण्याआधी चिठ्ठीने प्रायॉरिटी, म्हणजे कोंडी न फुटल्यास विजय कोणाचा, हे ठरतं. त्या मिनिटात पहिला एकेरी टच करणारा जिंकतो. टच झालाच नाही, तर प्रायॉरिटी असलेला संघ जिंकतो. त्यामुळे प्रायॉरिटी नसलेल्याला हल्ला करणं भाग पडतं, आणि दुसरा त्याचीच वाट पाहत असतो. पॅरिस 2024 मध्ये इपीचे दोन्ही सांघिक अंतिम सामने याच मिनिटात सुटले: महिलांमध्ये इटलीने फ्रान्सला 30-29 ने, पुरुषांमध्ये हंगेरीने जपानला 26-25 ने हरवलं.

नुसतं उभं राहून आघाडी सांभाळता येईल असं मात्र समजू नका. फॉइल आणि इपीत टच न होता एक मिनिट गेलं, की पंच पी-कार्ड, म्हणजे लढायला टाळाटाळ केल्याबद्दलचं कार्ड, काढतो. पुन्हा पुन्हा तेच झालं, तर कार्डं पिवळ्यावरून लाल आणि काळ्यापर्यंत जातात.

प्रश्न: आमच्या स्पर्धेत मी गुणपत्रक लिहिणार आहे. काय जपावं?

नऊ ओळी आखा. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना दोन-दोन रकाने ठेवा: या लढतीत केलेले टच आणि एकूण. लढत संपली, की आधी फलकावरचा एकूण आकडा लिहा, मग मागचा आकडा वजा करून टच काढा. उलट केलं, तर लाल कार्डाने मिळालेला टच हमखास सुटतो. शेवटी तिन्ही खेळाडूंच्या टचांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली पाहिजे.

सगळ्यात जास्त होणारी चूक यंत्रावरची. नवी लढत सुरू करताना घड्याळ 3 मिनिटांवर आणायचं असतं, पण सवयीने पूर्ण रीसेट दाबलं जातं आणि धावसंख्याही पुसली जाते. म्हणून फलकावर भरवसा न ठेवता प्रत्येक लढतीनंतर कागदावरचा आकडा मोठ्याने म्हणा आणि दोन्ही कर्णधारांकडून होकार घ्या.

प्रश्न: रिले सोडून दुसरे सांघिक प्रकार आहेत का?

आहेत. बार्सिलोना 1992 पर्यंत ऑलिम्पिकमध्ये चौघांचे संघ असत. प्रत्येक जण समोरच्या चौघांशी खेळायचा, म्हणजे 16 लढती, आणि 9 लढती जिंकणारा संघ विजयी. अटलांटा 1996 मध्ये तिघांचा आणि 45 टचांचा रिले आला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या सामन्यांत आजही लढतीच मोजतात: तीन शस्त्रं, प्रत्येकात तीन-तीन खेळाडू, एकूण 27 लढती, आणि 14 झाल्या की सामना खिशात.

सरावासाठी ही मोजणी अधूनमधून वापरा. रिलेत सात टचांनी हरलेली लढत शेजारच्याच्या कमाईत झाकली जाते. इथे ती पत्रकावर उघडी दिसते.

प्रश्न: ऐन वेळी दोनच खेळाडू आले तर खेळता येईल का?

आंतरराष्ट्रीय नियमांत नाही. तीन जण हजर असल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. चौथं नाव पत्रकात असेल, तर राखीव खेळाडूला सुरुवातीपासून तिसरा म्हणून बसवता येतं, पण मग सामन्यात कोणाला दुखापत झाली तर जागा भरायला कोणी उरत नाही आणि सामना सोडावा लागतो.