किडनीच्या शिरेतली गुठळी ऑपरेशन करून काढावीच लागते का?

तुम्ही परभणीहून विचारलंय: भावाला नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं वाहून जाणारा किडनीचा आजार) आहे, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डाव्या किडनीच्या शिरेत गुठळी दिसली आणि पाहुणे म्हणतायत, ऑपरेशन करून काढून टाका. मी लातूरला फिजिशियन आहे. रिपोर्ट पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण अशा बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही.

त्याच्या लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन वाहून जातंय. त्यासोबत रक्ताला गोठण्यापासून आवरणारं अँटिथ्रॉम्बिनही जातं. ही गळती चालू असताना गुठळी काढली, तरी दुसरी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात: आधी हेपॅरिनची इंजेक्शनं, मग वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच्या गोळ्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 च्या दरम्यान, आणि सोबत मूळ आजाराचा इलाज. हे काही महिने चालतं, अल्ब्युमिन वर येईपर्यंत तरी. शिवाय डाव्या किडनीच्या शिरेला वाटेत दुसऱ्या शिरा येऊन मिळतात, त्यामुळे गुठळी हळूहळू धरली असेल तर रक्ताला आडवाट सापडते.

दोन्ही शिरा एकदम बंद झाल्या, माणसाला एकच किडनी आहे, बसवलेल्या किडनीत गुठळी झाली किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम किती मंदावलंय ते दाखवणारी रक्ततपासणी) झपाट्याने चढतंय, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून गुठळी विरघळवतात किंवा ओढून काढतात. पोट उघडणं फार क्वचित. किडनीचा कॅन्सर शिरेत वाढला असेल तर मात्र गाठ आणि किडनी एकत्रच काढतात. ते ऑपरेशन मोठं असतं. 'सीटीत गाठ नाही ना?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी माझा जीव अडकतो तो गोळ्यांत. एकाच नावाची गोळी वेगवेगळ्या ताकदीत येते, म्हणून दरवेळी पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचून घ्या. आयएनआर तारखेसह वहीत लिहा. पालेभाजीने या गोळ्यांचा परिणाम बदलतो; मेथी-पालक बंद करू नका, पण आठवडाभर काही नाही आणि मग रोज भाजी, असंही नको. पाठ दुखली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक तर अजिबात आणू नका, किडनी आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका आहे.

अचानक दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, 108 ला फोन करून रात्रीच निघा.