आयशॅडो पहिल्यांदाच शिकतेय, पण पापणीवर नुसते डाग दिसतात. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की चुलतबहिणीच्या लग्नासाठी भरपूर रंगांचं पॅलेट आणलंत, व्हिडिओ बघून लावलंत, तर रंग ठिकठिकाणी चिकटला आणि तासाभरात पापणीच्या घडीत रेघ जमली. आमच्या घरच्या लग्नांत बहिणी-वहिन्यांचे डोळे मीच रंगवते, त्यामुळे ही तक्रार ओळखीची आहे. हात वाईट नसतो, रंग फार घेतला जातो आणि रंगाखाली पापणी ओलसर असते.

डाग पडतात ते ओलसरपणामुळे. मॉइश्चरायझर किंवा कन्सीलर (काळसरपणा झाकणारं त्वचेच्या रंगाचं क्रीम) ओला असताना पावडर शॅडो टेकवली की ती टेकली तिथेच बसते, पुढे सरकत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या पापण्या मुळातच काळसर असतात, त्यामुळे कन्सीलर हवाच, पण अगदी थेंबभर. बोटाने थोपटून पातळ करा, घडीत जमलेला टिपून घ्या आणि वरून चेहऱ्याची चिमूटभर पावडर फिरवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही पावडर चुकवलीत तर रेघ येणारच.

आता पॅलेट. त्यातले दोनच रंग घ्या. एक बिनचमकीचा, म्हणजे मॅट, तुमच्या त्वचेपेक्षा छटा-दोन छटा गडद तपकिरी किंवा विटकरी. दुसरा चमकीचा, तांबूस किंवा जुन्या सोन्यासारखा. परदेशी व्हिडिओंत आधी जो फिकट बदामी रंग लावतात तो गोऱ्या कातडीसाठी असतो; गव्हाळ-सावळ्या पापणीवर तोच राखेसारखा दिसतो. बाकीचे रंग पुढच्या दिवाळीपर्यंत राहू द्यात, कुठे पळून जात नाहीत.

पॅलेटसोबत आलेली स्पंजची काडी सरळ टाका. ती रंग दाबून बसवते, पसरवत नाही. पैसे खर्च करायचेच तर एका मऊ, फुगीर ब्लेंडिंग ब्रशवर करा. रंगाला टोक नुसतं टेकवायचं, दांड्याला टिचकी मारून जास्तीचा झाडायचा, आणि ब्रश मागच्या टोकाला धरायचा. जवळ धरलात की नकळत जोर पडतो.

लावायचं कुठे, हे बहुतेक व्हिडिओ नीट सांगत नाहीत. डोळे मिटून घडीत रंग भरला की डोळा उघडल्यावर तो गायब होतो, खास करून पापणी जड असेल तर. म्हणून आरशात सरळ बघा, डोळे उघडे ठेवा, बोटाने भुवईखालचं हाड चाचपा. त्या हाडाच्या जरा खाली, घडीच्या किंचित वर मॅट रंग लावायचा. बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, मग गाडीचा वायपर फिरतो तसा आत-बाहेर हलका हात. रंग कमी वाटला तर पुन्हा थोडा. शेवटी रंग न घेता तोच ब्रश कडेवरून फिरवा, रंग कुठे संपतो ते कळेनासं होईपर्यंत. सगळी मेहनत या कडेची आहे. चमकीला ब्रशही नको: अनामिकेवर घेऊन पापणीच्या मध्यावर थोपटा, झालं. हस्तकलेची चमकी मात्र डोळ्याजवळ आणू नका, तिचे कण बुबुळाला ओरखडे काढू शकतात.

डोळे आधी करा, फाउंडेशन नंतर. म्हणजे गालावर सांडलेली पावडर पुसता येते. काजळ पसरत असेल तर त्यावर तीच तपकिरी शॅडो बारीक ब्रशने दाबा, बरंच टिकतं. लेन्स वापरत असाल तर लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप उतरवण्याआधी काढा.

साडीच्या रंगाची शॅडो लावावी का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. मोरपंखी पैठणी, वर मोरपंखी पापण्या आणि त्यात नथ नि चंद्रकोर, एवढं सगळं एका चेहऱ्याला झेपत नाही. त्यापेक्षा जरीचा रंग पापणीवर घ्या. अगदीच हौस असेल तर साडीचा रंग खालच्या पापण्यांच्या मुळाशी बारीक रेघेसारखा लावा, तो फार गोड दिसतो.

सराव रात्री तोंड धुण्याआधी करा, बिघडलं तरी धुवायचंच असतं. निकाल मात्र एकदा तरी दिवसा, खिडकीकडे तोंड करून बघा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये खोबणीत सावली पडते आणि रंग जास्त झालाय असं वाटतं. उतरवताना चोळू नका: तेलकट रिमूव्हरचा कापूस मिटल्या डोळ्यावर थोडा वेळ धरून ठेवा आणि मग खाली ओढा.