ठराव लिहून ठेव

प्रिय बाय,

पणजीतल्या सांतिनेझ खाडीसाठी झटणाऱ्या तुमच्या गटात कोणीच नेता नाही असे तू अभिमानाने लिहितेस आणि लगेच विचारतेस, की सर्वांच्या नावे महापौरांना निवेदन कोणी दिले हेच कळत नसेल तर गट सोडावा का. सोडू नकोस. नेता तुमच्यातही आहे, फक्त त्याला कोणी निवडलेले नाही. ज्याला नगरसेवकाचा थेट फोन येतो, ज्याने रात्री उशिरा ग्रुपवर टाकलेला मजकूर सकाळपर्यंत ‘सर्वांचा निर्णय’ होऊन बसतो, तो तुमचा नेता. त्याला जाब विचारायचा तर आधी ठराव कागदावर हवा. म्हणून सांगतो, लिहून ठेव.

गावात निदान ग्रामसभा असते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत, आणि २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेच्या हद्दीत माणसे भरली जेमतेम चाळीस हजार. म्हणजे दोन निवडणुकांच्या मध्ये नागरिकाला बोलायला जागा उरते ती तुमच्यासारख्या गटांतच. तिथलाही कारभार चारचौघांच्या कानगोष्टींवर चालत असेल, तर पालिकेचे हिशेब कोणत्या तोंडाने मागणार?

‘कागद आला की नोकरशाही आली’ हे तुझ्या मित्राचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. आपल्या गोव्यातल्या जुन्या गावकारीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेत, ठराव लिहायला कुळकर्णी असे. त्या सभांत बायकांना जागा नव्हती, हे मी झाकत नाही. पण लिहिण्याची शिस्त तेवढी उचलण्यासारखीच आहे. जानेवारी २००७ मध्ये सरकारने गोव्याचा प्रादेशिक आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे रंगांनी दाखवणारा नकाशा, रद्द केला तेव्हाचे मोर्चे सर्वांना आठवतात. त्याआधी नकाशे पसरून एकेका गावाचे बदललेले रंग तपासत बसलेली माणसे फार थोड्यांना आठवतात.

एका समितीत मी वही मागितली म्हणून मला कारकून म्हणून हिणवले गेले. पुढे पैशांवरून वाद झाला, दाखवायला कागद नव्हता, आणि चांगली, कामसू माणसे कायमची दुरावली. त्याची खंत मला आजही आहे. मी हेकट ठरलो, पण माझे म्हणणे खरे होते.

तेव्हा पुढच्या बैठकीला वही घेऊन जा. तारीख, हजर माणसे, ठराव, विरोध कोणाचा, आणि निवेदनावर सही कोण करणार व किती महिन्यांसाठी, एवढे लिही आणि उठण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखव. लिहायला कोणी हरकत घेतली, तर तीही त्याच्या नावानिशी लिही.

तुझा,
काका